साहेबांना सांगावे का?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या ग्वेल्फ गावात डेल्ही स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. गावचे जनरल हॉस्पिटल याच रस्त्यावर, आणि तिथेच 'होमवुड' ही मानसोपचार संस्था. तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळे यांचा सरकारी निरीक्षक म्हणून ऑन्टारिओत वर्षानुवर्षे काम केलेल्या जे. डब्ल्यू. लँगमुर या गृहस्थाने नोकरी सोडल्यावर, १८८३ साली, भागीदार जमवून ती खासगी संस्था म्हणून काढली. सरकारी इस्पितळे त्याने आतून पाहिलेली होती. पैसेवाल्या घराण्यांना तिथे आपला माणूस ठेवायचा नसतो, आणि कुठेही ठेवला तरी ते चारचौघांत कळायला नको असते, हे त्याला पक्के ठाऊक असणार. डॉ. स्टीफन लेट हे पहिले अधीक्षक. उदासी, दारू, अफू, 'नसांचा अशक्तपणा' अशा तक्रारींचे रोगी येत. मोकळी हवा, एकान्त आणि उपचार हे तर मिळतच. पण संस्था जे विकत होती त्यात गुप्तता हाही मोठा माल होता.

आज तेच होमवुड देशभरातल्या कंपन्यांना 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम' चालवून देते. म्हणजे नोकरदाराला ताण असह्य झाला, झोप उडाली, घरात भांडणे वाढली, तर फोन करायचा आणि समुपदेशकाशी बोलायचे, खर्च कंपनीचा. असा फोन नंबर आता कॅनडातल्या कितीतरी कारखान्यांत पाण्याच्या कूलरजवळ चिकटवलेला दिसतो. शेजारी 'मन मोकळे करा' अशा अर्थाचे एक पोस्टर. २०१३ सालापासून देशाने कामाच्या जागेच्या मानसिक आरोग्यासाठी एक राष्ट्रीय मानकही तयार केले आहे. ते ऐच्छिक आहे, पण मोठ्या कंपन्या त्याचे नाव आवर्जून घेतात.

पोस्टर वाचून माणूस आपल्या जागेवर परत जातो आणि त्याच्या डोक्यात प्रश्न तसाच राहतो: मला बायपोलर आहे, किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, हे मी मॅनेजरला सांगावे का?

टोरांटोच्या 'कॅम्ह' या मानसिक आरोग्य संस्थेतल्या कॅरोलिन ड्यूआ यांनी ऑन्टारिओतल्या २,२१९ नोकरदारांना हाच प्रश्न विचारला होता. २०१४ साली निष्कर्ष आले. ३८ टक्के लोक म्हणाले, आम्ही मॅनेजरला सांगणार नाही. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांनी कारण दिले ते नोकरीतल्या पुढच्या वाटचालीला धक्का बसण्याचे. जे सांगू म्हणाले, त्यांच्या बाबतीत मॅनेजरशी असलेले चांगले संबंध ही सर्वात वजनदार गोष्ट ठरली. पोस्टरवरचा मजकूर एकटा पुरत नाही. समोरचा माणूस कसा आहे यावर बरेच ठरते.

या प्रश्नाचा विचार आपण बहुधा धैर्याच्या भाषेत करतो. सांगितले तो धीट, लपवले तो भित्रा. मला ही मांडणी चुकीची वाटते, आणि नोकरदाराचे नुकसान करणारीही. मूळ कॅनडाचा असलेला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९६३ सालच्या 'स्टिग्मा' या पुस्तकात एक फरक फार नेमका दाखवला आहे. ज्याचा 'डाग' दिसतो, त्याला लोकांशी वागताना येणारा ताण सांभाळावा लागतो. ज्याचा दिसत नाही, त्याला माहिती सांभाळावी लागते: कोणाला, कधी, किती कळू द्यायचे. मनाचा आजार असलेला नोकरदार दुसऱ्या गटातला. त्याच्या हातात एक माहिती आहे, आणि ती एकदा दिली की परत घेता येत नाही. तेव्हा धीट की भित्रा हे सोडून द्यावे. ही माहिती देऊन मला काय मिळवायचे आहे आणि त्यासाठी किती देणे पुरेसे आहे, एवढेच विचारावे.

ऑन्टारिओत या प्रश्नाचे उत्तर शोधणे बरेच सोपे आहे, कारण तिथल्या कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक आजाराचे नाव आणि दुसरी कामातली गरज.

प्रांताची मानवी हक्क संहिता १९६२ची. अपंगत्व तिच्यात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि त्या व्याख्येत मानसिक विकारही बसतो. मालकाने अशा कर्मचाऱ्याची कामात सोय करून द्यायची, ज्याला तिथे सगळे 'अकोमोडेशन' म्हणतात. ती कुठवर, तर मालकाला पेलणार नाही इतका बोजा होईपर्यंत. तो बोजा मोजताना तीनच गोष्टी धरायच्या: खर्च, बाहेरून मिळू शकणारे अर्थसाहाय्य, आणि आरोग्य-सुरक्षेचा धोका. 'बाकीचे कुरकुर करतील' किंवा 'गिऱ्हाइकाला आवडणार नाही' ही कारणे धरली जात नाहीत. आणि बदल्यात कर्मचाऱ्याने काय सांगायचे? आपल्याला वैद्यकीय कारणाने सोय हवी आहे, काय जमत नाही, काय हवे आहे, आणि अंदाजे किती काळ. रोगाचे नाव सर्वसाधारणपणे मालकाला मागता येत नाही. प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने मानसिक आजार आणि व्यसन यांवरचे सविस्तर धोरण २०१४ साली काढले आणि वैद्यकीय कागदपत्रांबद्दल २०१७ साली पुन्हा एकदा हेच स्पष्ट केले.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहू. समजा, एक तरुण नाशिकहून आलेला, ग्वेल्फजवळच्या मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. या भागात हा धंदा मोठा. १९६६ साली सुरू झालेली लिनामार तर ग्वेल्फचीच. बारा तासांची पाळी, दोन आठवडे दिवसाची, दोन आठवडे रात्रीची. त्याला बायपोलर विकार आहे, लिथियम चालू आहे. या आजारात झोपेची घडी विस्कटली की उन्मादाचा झटका यायला निमित्त मिळते, हे मानसोपचारातले जुने ज्ञान आहे. म्हणजे त्याला गोळीइतकीच गरज आहे ती रोज एका वेळी झोपण्याची. लिथियमचे रक्तातले प्रमाण तपासायला अधूनमधून लॅबमध्ये जावे लागते, तेही सकाळी, ठरावीक तासांनी. आता त्याने एचआरला पाठवायचे पत्र असे असू शकते:

'माझ्यावर डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. मानवी हक्क संहितेनुसार मी कामात सोय मागत आहे. पुढचे सहा महिने मला रात्रपाळी देऊ नये आणि पाळीची वेळ बदलती ठेवू नये. तपासणीसाठी अधूनमधून सकाळी दोन तास उशिरा येण्याची परवानगी हवी आहे. तारीख मी आठवडाभर आधी कळवीन. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. तीन महिन्यांनी आपण याचा आढावा घेऊ.'

यात बायपोलर नाही, लिथियम नाही, मागच्या वर्षी इस्पितळात काढलेले दिवस नाहीत. तरी मालकाला लागते ते सगळे आहे. डॉक्टरांच्या पत्रातही तेच असावे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना 'मला फक्त कामाच्या मर्यादा लिहून द्या, रोगाचे नाव नको' असे स्पष्ट सांगावे. घाईत असलेले फॅमिली डॉक्टर चांगल्या मनाने सगळेच लिहून टाकतात. कंपनीने स्वतःचा छापील फॉर्म दिला आणि त्यात निदानाचा रकाना असला, तर तो रिकामा ठेवून बाकी भरता येतो. लोकांना वाटते, रकाना आहे म्हणजे भरलाच पाहिजे. तसे नाही.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिथेच बरेच जण गोंधळतात. अल्पमुदतीच्या आजारपणाच्या विम्याचा दावा केला, तर विमा कंपनी निदान विचारतेच, आणि तिला द्यावेही लागते. पण विमा कंपनी वेगळी, मालक वेगळा. असिस्टन्स प्रोग्रॅमला केलेला फोन आणखी वेगळा: किती जणांनी सेवा वापरली एवढा आकडा मालकाला कळतो, नावे कळत नाहीत. डॉक्टर तर २००४च्या आरोग्य-माहिती कायद्याने बांधलेले आहेत. तुमच्या संमतीशिवाय ते मालकाशी बोलू शकत नाहीत. म्हणजे एकाच आजाराची माहिती चार दारांतून जाते आणि प्रत्येक दारातून वेगवेगळी जायला हवी. कागदावर तरी व्यवस्था अशी आहे. सहा माणसांच्या दुकानात, जिथे मालकीणच एचआर आणि तीच पगार काढते, तिथे ही दारे एकमेकांत उघडतात हे लक्षात ठेवावे.

मग रोगाचे नाव कधीच सांगू नये का? याला सरळसोट उत्तर नाही, आणि त्याचे सर्वात बोलके उदाहरण ओटावातल्या एका खटल्यात सापडते. तो 'लेन खटला' म्हणून ओळखला जातो. २००१ साली एडीजीए या सल्लागार कंपनीत लेन नावाचा, सॉफ्टवेअर तपासणारा एक माणूस लागला. त्याला बायपोलर होता. रुजू झाल्यावर काही दिवसांतच त्याने वरिष्ठाला विश्वासात घेऊन सगळे सांगितले. काय लक्षणे दिसली तर समजावे, कोणाला फोन करावा, पत्नीला की डॉक्टरांना, तेही सांगितले. आजार सांभाळण्याची याहून शहाणी रीत क्वचितच सापडेल. कामाच्या आठव्या दिवशी त्याला काढून टाकले. त्या धक्क्याने तो पूर्ण उन्मादात गेला, इस्पितळात भरती झाला, मागोमाग खोल नैराश्य आले. पुढे घर विकावे लागले, संसार मोडला.

मानवी हक्क न्यायाधिकरणाने २००७ साली निकाल दिला. कंपनीने आजाराची माहिती घेतली नाही, डॉक्टरांचे मत विचारले नाही, काय सोय करता येईल हे तपासलेच नाही. कंपनी धरूनच चालली की हा माणूस काम करू शकणार नाही. न्यायाधिकरणाने सोय 'करण्या'इतकेच सोय 'शोधण्या'चे कर्तव्यही मालकावर आहे असे मानले आणि सुमारे ८० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. २००८ साली वरच्या न्यायालयानेही हे कायम ठेवले.

या खटल्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. वकील म्हणतील, कर्मचारी जिंकला. पहिल्या दिवसापासून, प्रोबेशनमध्येसुद्धा, संहिता लागू होते हे सिद्ध झाले. खरे आहे. मी पाहतो ते सहा-सात वर्षांकडे आणि मोडलेल्या घराकडे. कायदा तुमच्या बाजूने असणे आणि तुमचे नुकसान न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आणखी एक. त्या माणसाने सांगितले म्हणूनच तो जिंकू शकला, हेही खरे. मालकाला ठाऊकच नसते तर 'आम्ही कामगिरी पाहून काढले' म्हणायला कंपनी मोकळी होती. वागणुकीतून आजार उघड दिसत असेल तर मालकाने स्वतःहून चौकशी करावी असे आयोगाचे धोरण सांगते, पण त्या भरवशावर राहणे अवघड.

न सांगण्याचीही किंमत असते. अल्बर्टातल्या एका कोळसा खाणीत कंपनीचा नियम होता: कोणाला व्यसनाचा त्रास असेल तर अपघात होण्याआधी सांगा, उपचार मिळतील, नोकरी जाणार नाही, अपघातानंतर चाचणीत सापडलात तर नोकरी गेली. लोडर चालवणारा एक कामगार सुटीच्या दिवशी कोकेन घेत असे. त्याने सांगितले नव्हते. किरकोळ अपघात झाला, चाचणी झाली, नोकरी गेली. आपल्याला व्यसन आहे हेच आपल्याला कळले नव्हते, असे तो म्हणाला. २०१७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणून जिथे यंत्र, ट्रक, क्रेन, सुई किंवा बंदूक हातात असते, तिथे हिशेब वेगळा. ट्रकचालकांनी तर हेही जाणून असावे की काही गंभीर मानसिक अवस्थांमध्ये ऑन्टारिओतल्या डॉक्टरांना परिवहन खात्याला कळवणे बंधनकारक आहे. तिथे प्रश्न तुमच्या इच्छेचा उरत नाही. (आंतरप्रांतीय ट्रक कंपन्या, बँका, टेलिफोन आणि विमान कंपन्या यांना प्रांताची संहिता लागू होत नाही, त्यांच्यासाठी संघराज्याचा मानवी हक्क कायदा आहे. तत्त्वे साधारण तीच, कार्यालय वेगळे.)

आतापर्यंतचे सगळे कोणाही कॅनेडियन नोकरदाराला लागू आहे. आपल्या लोकांची गाठ याहून थोडी वेगळी पडते.

पहिली गोष्ट, मॅनेजरची ओळख करून घेण्यातली. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. मॅनेजर सोमवारी मुलांची चौकशी करतो, शुक्रवारी बिअरला बोलावतो. 'साहेब' म्हणण्याची सवय असलेल्या माणसाला हे मैत्रीचे वाटते आणि तो एक दिवस भरल्या गळ्याने सगळे सांगून बसतो. मॅनेजर सहसा सज्जनच असतो. पण कंपनीच्या दृष्टीने त्याला कळणे म्हणजे कंपनीला कळणे, आणि ते बोलणे तो एचआरला कळवायला बांधील असू शकतो. शिवाय त्याची बदली होते, नवा येतो. नव्याला जुन्याने काय सांगितले असेल याचा अंदाज लावत वर्ष जाते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. विद्यार्थी म्हणून ग्वेल्फ विद्यापीठात किंवा कोनेस्टोगा कॉलेजात आलेला मुलगा शिक्षणानंतरच्या वर्क परमिटवर असतो. कॅनडातल्या अनुभवाच्या वाटेने कायमचे रहिवासी व्हायचे तर एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव, तासांत १,५६०, भरावा लागतो. लांबची आजारपणाची रजा घेतली की तास मागे पडतात आणि परमिटची मुदत मात्र पुढे सरकत नाही. हा धाक खरा आहे, त्याला 'तू उगाच घाबरतोस' म्हणून चालणार नाही. अशा वेळी पूर्ण रजेऐवजी कमी तास, ठरलेली पाळी, घरून काम असे काही मागणे अधिक उपयोगी पडू शकते. इमिग्रेशनच्या सल्लागाराला आधी विचारावे. एकाच मालकाला बांधलेले परमिट असेल आणि मालक छळत असेल, तर २०१९पासून खुल्या परमिटसाठी अर्ज करण्याची एक वेगळी वाट सरकारने ठेवली आहे.

तिसरी गोष्ट आपली माणसे. आपल्याकडे नोकरी ओळखीने लागते. ज्या मित्राने शब्द टाकला तो त्याच विभागात असतो, त्याची बायको गणपतीच्या समितीत असते, तिची मावशी पुण्यात तुमच्या आईच्या भिशीत. कारखान्याच्या कँटीनमध्ये 'कोणाला सांगू नकोस हं' म्हणून मराठीत सांगितलेली गोष्ट डेक्कनला पोहोचायला एक रविवार पुरतो. या साखळीवर कुठलीही संहिता चालत नाही. मला वाटते, परदेशातला मराठी माणूस मॅनेजरला घाबरतो त्यापेक्षा या साखळीला जास्त घाबरतो, आणि ते बरोबरही आहे.

लोकलाज ही काही आपलीच मिरास नाही. ग्वेल्फच्या ऑन्टारिओ व्हेटरनरी कॉलेजातल्या प्राध्यापिका अँड्रिया जोन्स-बिटन यांनी २०१५-१६मध्ये कॅनडातल्या शेतकऱ्यांची पाहणी केली. शेतकऱ्याला साहेब नसतो, कोणी नोकरीवरून काढत नाही. तरी ४५ टक्के शेतकऱ्यांवर ताण मोठा होता, ५८ टक्क्यांमध्ये चिंतेची आणि ३५ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे निकषात बसत होती. आणि पाचांतल्या दोघांना तज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत होता, लोक काय म्हणतील म्हणून. गावातल्या मानसोपचार केंद्राबाहेर आपली पिकअप ट्रक उभी दिसली तर? ग्वेल्फभोवतालच्या वेलिंग्टन काउंटीतला गोरा शेतकरी आणि विदर्भातला कापूसवाला इथे शेजारी बसतात. जोन्स-बिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग शेतकऱ्यांसाठी 'इन द नो' नावाचा प्रशिक्षण वर्ग तयार केला.

उघड बोलण्याच्या बाबतीत कॅनडातल्या मराठी माणसांत एक नाव मात्र आदराने घ्यायला हवे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. २००४ साली आलेल्या, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. अतुल कुलकर्णींनी त्यात रंगवलेला शेष पाहून महाराष्ट्रात कित्येक घरांनी पहिल्यांदा आपल्या घरातल्या माणसाविषयी तोंड उघडले असेल. पण एक भेद करायला हवा. वाणी सरांनी जे केले ते समाजासाठी केलेले उघड बोलणे. तेही पक्क्या नोकरीतल्या, मान असलेल्या प्राध्यापकाने. प्रोबेशनवरच्या पोराकडून तीच अपेक्षा करणे अन्याय आहे. उघड बोलणाऱ्या नामवंतांची उदाहरणे देऊन 'तुम्हीही बोला' म्हणणाऱ्या मोहिमा हा भेद विसरतात, असे माझे मत आहे.

इकडे महाराष्ट्रात कोणी हे प्रकरण वाचत असेल तर त्याने ऑन्टारिओची पद्धत जशीच्या तशी उचलू नये. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, पण राखीव जागा आणि बरेचसे लाभ मिळायला ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवायचे तर निदान कागदावर येतेच. म्हणजे तिथे नाव झाकून गरज सांगता येते. इथे गरज सिद्ध करायला नाव आधी द्यावे लागते. तरी आपल्याकडेही पाया पडला आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला ओसीडी आणि नैराश्य होते, आणि वागणुकीबद्दल त्याच्यावर खात्याची चौकशी लागली होती. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, रविंदर कुमार धारीवाल खटल्यात, अशी शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार आहे असे म्हटले. मानसिक आजारामुळे माणूस नेमलेल्या चाकोरीत बसू शकला नाही, याची शिक्षा त्याला देता येणार नाही, हा त्यातला गाभा.

पुन्हा ग्वेल्फकडे. मुलाखतीत काय करावे असे विचारले जाते. अर्जात किंवा मुलाखतीत मालकाला आजाराबद्दल विचारता येत नाही. कामाची मुख्य कर्तव्ये तुम्ही करू शकाल का, एवढे विचारता येते. तुम्ही करू शकत असाल तर 'हो' म्हणा आणि थांबा. मुलाखतीत मधल्या काळातल्या रिकाम्या वर्षांचा विषय निघतो तेव्हा बरेच जण घाबरून सगळे ओततात. 'तब्येतीचे कारण होते, आता ठीक आहे' एवढे वाक्य पुरते.

नोकरी लागल्यावर, सगळे सुरळीत चालू असेल, गोळ्या लागू पडल्या असतील, कामात काही सोय नको असेल, तर सांगू नका. सांगण्याचे काही कारण नाही. तुमचा मधुमेह कोणाला सांगितला नव्हता, तसाच हाही. सहकाऱ्याला सांगावेसे वाटले, मन हलके व्हावे म्हणून, तर ते कंपनीबाहेरच्या माणसाला सांगा. मन हलके करण्यासाठी कामाची जागा ही सर्वात महाग जागा.

सोय हवी असेल तर मात्र लवकर मागा. इथे लोक उलटे करतात. सहा महिने ओढत राहतात, उशिरा येतात, चुका होतात, पहिला लेखी इशारा येतो, दुसरा येतो, आणि मग घाबरून आजार सांगतात. तेव्हा मॅनेजरला वाटते, सबब काढतोय. इशाऱ्यानंतरही संहिता लागू असतेच, पण विश्वास उरलेला नसतो. पहिल्या इशाऱ्याआधी पाठवलेल्या चार ओळींच्या पत्राचे वजन दुसऱ्या इशाऱ्यानंतर सांगितलेल्या संपूर्ण आजारकथेला येत नाही. पत्र लेखीच असावे, आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवावी. कंपनीचा लॅपटॉप काढून घेतला की त्यातली पत्रे तुमची राहत नाहीत.

रोगाचे नाव द्यायची वेळ माझ्या मते एकच: आजार पुन्हा उसळू शकतो, तो कामाच्या जागी उसळला तर कोणाला तरी काय करायचे ते ठाऊक असायला हवे, आणि असा एक माणूस तुम्ही काही महिने पारखून घेतलेला आहे. ओटावातल्या त्या कर्मचाऱ्याचा हेतू बरोबर होता. माणूस पारखायला त्याला वेळच मिळाला नाही. तो वेळ घ्यावा.

पैशांची बाजूही सोपी करून ठेवलेली आहे, फक्त लोकांना माहीत नसते. ऑन्टारिओत वर्षाला तीन दिवसांची बिनपगारी आजारपणाची रजा हक्काची आहे, आणि ऑक्टोबर २०२४पासून त्या तीन दिवसांसाठी मालक डॉक्टरांचा दाखला मागू शकत नाही. जून २०२५पासून गंभीर आजारासाठी २७ आठवड्यांपर्यंतची नोकरी सांभाळणारी रजाही आली आहे. त्यासाठी नोकरीत १३ आठवडे झालेले असावे लागतात. पगार नसला तरी एम्प्लॉयमेंट इन्शुरन्समधून आजारपणाचा भत्ता २६ आठवड्यांपर्यंत मिळतो. पूर्वी तो १५ आठवडे होता, डिसेंबर २०२२मध्ये वाढला. हा भत्ता मिळण्यासाठी डॉक्टरांनी 'काम करू शकत नाही' एवढे लिहिणे महत्त्वाचे. मालकाला तिथेही निदान कळवायची गरज नाही.

आणि सगळे करूनही कंपनीने अन्याय केला, तर मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत शेवटच्या घटनेपासून एक वर्ष आहे. आजारी माणसाचे एक वर्ष फार लवकर जाते; अर्ज स्वतःला जमत नसेल तर ह्युमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर हे काम विनामूल्य करते. तिथल्या वकिलाला मात्र आजाराचे नाव सांगा, तारखा सांगा, गोळ्यांची नावेसुद्धा सांगा. त्याच्यापासून लपवून काही फायदा नाही. आणि रात्री-अपरात्री मन फारच काळोखात गेले, जगणे नको वाटू लागले, तर हे सगळे हिशेब बाजूला ठेवून ९८८ हा नंबर लावा. नोव्हेंबर २०२३पासून तो साऱ्या कॅनडात चालतो. महाराष्ट्रातून टेली-मानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येते.